मोरचूद टाकूनही शेततळं दरवर्षी हिरवं का पडतं?

जालन्याकडचे मोसंबीवाले असोत, अर्धापूरचे केळीवाले असोत की वसमतचे हळदवाले, तक्रार साधारण एकाच वळणाची असते. दिवाळीनंतर पाणी छान निवळतं, थंडीत तळाची पन्नी (प्लॅस्टिकचं अस्तर) दिसते. होळी उलटली की पाण्याला हिरवट झाक येते आणि पंधरवड्यात, वारा जिकडे वाहतो त्या कोपऱ्यात, हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखा थर जमतो. ड्रिपचा फिल्टर दिवसातून दोन-दोनदा उघडावा लागतो. शेवटच्या लॅटरलचे (ड्रिपच्या बारीक नळीचे) ड्रिपर बंद पडतात. तळ्यात मासे असतील तर ते पहाटे वर येऊन तोंड उघडतात. मग दुकानातून मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) येतो, आठवडाभरात पाणी मोकळं होतं, आणि पुढच्या होळीला पहिले पाढे पंचावन्न.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. उन्हाळ्यात आमच्या प्रयोगशाळेच्या टेबलावर अशा हिरव्या पाण्याच्या बाटल्यांची रांग लागलेली असते, आणि बाटली घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न असतो, ‘मॅडम, याला कोणतं औषध चालेल?’ माझं म्हणणं असं, की औषधाचा प्रश्न शेवटी घ्यावा. मोरचूद वरच्या पाण्यातलं शेवाळ मारतो, हे खरं. पण पुढच्या वर्षीचं शेवाळ त्याआधीच तळाच्या गाळात बीजाणू होऊन बसलेलं असतं. ते कधी वाढायचं आणि कधी बीजाणू करून बसायचं, हे पाण्यातल्या फॉस्फरसवर आणि नत्रावर बरंचसं ठरतं. ते गणित कळलं की उपाय कुठे करायचा हेही कळतं.

आधी ओळख पटवा

सगळ्यात जास्त त्रास देतं ते निळं-हिरवं शैवाल (सायनोबॅक्टेरिया); त्यातल्या काही जाती विषारीही असतात. पण पाणी हिरवं म्हणजे निळं-हिरवं शैवालच, असं नाही. एक काडी पाण्यात फिरवा. लांब हिरवे धागे काडीला गुंडाळून वर आले, तर ते साधं धाग्याचं शेवाळ. ते जाळीने ओढून काढता येतं. काडीला नुसताच रंग लागला, तर संशय निळ्या-हिरव्या शैवालावर घ्या. मग काचेची पारदर्शक बाटली पाऊण भरून रात्रभर सावलीत, न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर निळं-हिरवं असण्याची शक्यता मोठी, कारण त्यातल्या बऱ्याच जातींच्या पेशींत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. हिरवं खाली बसलं तर बहुधा साधं हिरवं शैवाल. बाटली भरताना हातमोजे घाला, निदान प्लॅस्टिकची पिशवी तरी हाताला बांधा.

ही चाचणी घरची आहे, शेवटचा शब्द नाही. जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात बाटली नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. पाच मिनिटांचं काम असतं, कोणी नाही म्हणत नाही. कारण पुढचा सगळा उपाय कोणती जात आहे यावर हलतो. आपल्याकडच्या तळ्यांत दोन जाती ओळखून ठेवण्यासारख्या आहेत. मायक्रोसिस्टिस ही वेड्यावाकड्या पुंजक्यांत राहणारी. तिला हवेतलं नत्र घेता येत नाही, आणि ती खरे बीजाणू करत नाही. तिचे पुंजके तसेच गाळावर पडून दिवस काढतात. दुसरी ॲनाबीना. तिची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण दरवर्षीच्या त्रासाचं उत्तर तिच्यातच उत्तम दिसतं.

400 पट मोठं करून पाहिलं तर

ॲनाबीना म्हणजे एकाला एक चिकटलेल्या गोलसर पेशींची साखळी. पाण्यात नायट्रेट किंवा अमोनिया मुबलक असेल तर साखळीतल्या सगळ्या पेशी जवळपास सारख्या दिसतात. नत्र संपत आलं की दर दहा-पंधरा पेशींमागे एक पेशी बदलते. ती जरा मोठी, फिकट, जाड भिंतीची होते आणि शेजारच्या पेशीला जिथे जोडलेली असते तिथे एक चमकदार ठिपका दिसतो. ही हेटेरोसिस्ट. हवेतलं नत्र बांधायचं काम हिच्याकडे. या कामातल्या एन्झाइमला ऑक्सिजन चालत नाही, म्हणून ही पेशी स्वतः ऑक्सिजन तयार करणं थांबवते आणि जाड भिंतीआड काम करते. साखर तिला शेजारच्या पेशी पुरवतात, बदल्यात ती त्यांना नत्र देते. मला आजही ही व्यवस्था पाहताना आनंद होतो.

म्हणजे नत्र संपलं म्हणून ॲनाबीना अडत नाही. ती अडते फॉस्फरसपाशी. हवेत फॉस्फरस नसतो; तो पाण्यातून किंवा गाळातूनच मिळवावा लागतो. तो मिळतो तेव्हा या पेशी गरजेपेक्षा जास्त आत भरून ठेवतात, आणि बाहेरचा फॉस्फरस संपल्यावरही त्या साठ्यावर दोन-चार वेळा विभाजन करतात. तोही साठा सरला की साखळीतल्या काही पेशी वेगळीच वाट धरतात. त्या फुगतात, लांबट होतात, भिंत जाड होते, आत दाणेदार माल भरतो. शेजारच्या पेशींपेक्षा त्या कितीतरी मोठ्या असतात, नवख्या विद्यार्थ्यालाही लगेच दिसतात. हे बीजाणू, शास्त्रात यांना अकायनीट म्हणतात. त्यांच्यात नत्राचा भरपूर साठा सायनोफायसिन नावाच्या दाण्यांत असतो, फॉस्फरसचा मात्र फारसा नसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

बीजाणू व्हायला फॉस्फरसची तूट हे एक मोठं कारण. उजेड कमी पडणं आणि तापमान बदलणं ही दुसरी. पाण्यावर शेवाळाचा जाड थर आला की खालच्या साखळ्यांना उजेडही मिळत नाही आणि फॉस्फरसही आटलेला असतो. म्हणून तळं सगळ्यात हिरवं दिसतं त्याच सुमारास खाली बीजाणूंचा पाऊस सुरू झालेला असतो.

साध्या पेशी मरतात, विरघळतात. बीजाणू टिकतात. इंग्लंडमधल्या रॉस्टर्न मिअर या सरोवराच्या गाळाचे थर काढून तपासले, तेव्हा 64 वर्षं जुन्या थरातले ॲनाबीनाचे बीजाणू उगवले होते. हा निष्कर्ष 1980 साली प्रसिद्ध झाला. आपल्या शेततळ्याचं वय बहुतेकदा दहा-पंधरा वर्षं.

‘उन्हाळ्यात तळं आटलं, गाळ कोरडाठक झाला, भेगा पडल्या, मग कुठून आलं?’ याचं उत्तर भातपट्ट्यात मिळतं. तिथे हेच निळं-हिरवं शैवाल खत म्हणून मुद्दाम वाढवतात. पद्धत अशी: 2 मीटर बाय 1 मीटरचा पत्र्याचा उथळ ट्रे, त्यात 8 ते 10 किलो माती, 200 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, वर 5 ते 15 सेंटिमीटर पाणी, आणि थोडं विरजण म्हणून शैवाल. नत्राचं खत घालत नाहीत. थर चांगला जमला की पाणी उन्हात आटू देतात, कोरड्या खपल्या पिशवीत भरतात आणि पुढच्या हंगामात भाताच्या खाचरात हेक्टरी 10 किलो टाकतात. कोरड्या खपल्यांतून ते पुन्हा उभं राहतं, म्हणून तर ते खत म्हणून चालतं. भातखाचरातलं नत्र या शैवालांमुळे वाढतं हे शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी 1939 मध्येच दाखवलं होतं. आता ट्रेच्या जागी आपलं शेततळं ठेवून बघा. उथळ कड, बांधावरून वाहून आलेली माती, डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खताचा अंश, मराठवाड्याचं ऊन. पाककृती तीच आहे.

एक किलो डीएपी किती मोठं असतं

30 बाय 30 बाय 3 मीटरच्या शेततळ्यात, एकास एक उतार धरला तर, सुमारे 2,200 घनमीटर म्हणजे 22 लाख लिटर पाणी बसतं. एवढ्या पाण्यात एक किलो खत म्हणजे काहीच नाही, असं कुणालाही वाटेल. हिशेब करू.

डीएपीत 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद (फॉस्फरस). पिशवीवरचा स्फुरदाचा आकडा ऑक्साइडच्या रूपात असतो; शुद्ध फॉस्फरस त्याच्या सुमारे 44 टक्के. म्हणजे एक किलो डीएपीत साधारण 200 ग्रॅम फॉस्फरस. तो भरलेल्या तळ्यात पसरला तर लिटरमागे सुमारे 90 मायक्रोग्रॅम होतात. सरोवरांचे अभ्यासक लिटरमागे 30-35 मायक्रोग्रॅमच्या वर एकूण फॉस्फरस गेला की त्या पाण्याला अतिपोषित म्हणू लागतात. एप्रिलमध्ये तळं पाव उरलं आणि फॉस्फरस तेवढाच राहिला, तर आकडा चौपट. सुक्या शैवालात फॉस्फरस साधारण एक टक्का असतो, तेव्हा 200 ग्रॅममधून 20 किलोपर्यंत सुकं शैवाल उभं राहू शकतं. फिल्टरमध्ये अडकणारा ओला चिखल त्याच्या कितीतरी पट.

दुसरी बाजू आणखी महत्त्वाची. शैवालाला वजनाच्या हिशेबाने एक भाग फॉस्फरसमागे सुमारे सात भाग नत्र लागतं. डीएपीत एक भाग फॉस्फरसमागे एक भागही नत्र नाही. 19:19:19 या विद्राव्य खतात हे प्रमाण सव्वादोनच्या आसपास, शेणातही कमीच. म्हणजे आपण तळ्यात जे काही सांडतो त्यात फॉस्फरस जादा आणि नत्र तोकडं. ज्याला नत्र हवेतून घेता येतं, त्याचंच अशा पाण्यात फावतं. साधी हिरवी शैवालं नत्र संपल्यावर मागे पडतात आणि ॲनाबीनाला मैदान मोकळं मिळतं.

खत सांडतं कुठे, ते शोधा. मी पाहिलेली ठिकाणं: फर्टिगेशनची (ड्रिपमधून खत देण्याची) टाकी तळ्याच्या कडेलाच धुणं, व्हेंचुरीच्या (ड्रिपच्या पाण्यात खत ओढणाऱ्या नळीच्या) मागे एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) नसल्यामुळे वीज गेल्यावर खताचं पाणी सक्शनमधून (पंपाच्या पाणी ओढणाऱ्या पाइपातून) तळ्यात उलटं येणं, खताच्या रिकाम्या पिशव्या बांधावर ठेवणं, माशांसाठी शेण आणि सुपर फॉस्फेट टाकणं, आणि जूनच्या पहिल्या वळवात पेरणी केलेल्या रानाचं गढूळ पाणी सरळ इनलेटमधून आत घेणं. काळ्या मातीचा बारीक कण फॉस्फरस धरून ठेवतो, तो मातीबरोबरच आत येतो.

‘पण रिपोर्टात फॉस्फेट शून्य आलं!’

येणारच. एप्रिलमध्ये हिरव्या पाण्याचा नमुना गाळून विरघळलेलं फॉस्फेट मोजलं तर ते शैवालाने आधीच पोटात घातलेलं असतं. उरलेलं गाळात असतं. प्रयोगशाळेला ‘एकूण फॉस्फरस’ मोजायला सांगा, आणि न गाळलेल्या नमुन्यावर. जमलं तर गाळाचाही नमुना द्या.

गाळाचं आणखी एक आहे. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, खालचं गार राहतं, दोन्ही मिसळत नाहीत, आणि तळाशी कुजणारा पाला-शेवाळ तिथला ऑक्सिजन खाऊन टाकतो. ऑक्सिजन संपला की गाळातल्या लोहाने धरून ठेवलेलं फॉस्फेट सुटून पाण्यात येतं. काठीने गाळ ढवळल्यावर तो काळा निघाला आणि सडक्या अंड्याचा वास आला, तर तुमच्या तळ्यात हे चाललंय असं समजा. बाहेरून खताचा एक दाणा आला नाही तरी असं तळं स्वतःच्याच गाळावर दोन-तीन उन्हाळे हिरवं पडू शकतं.

आता सगळं एका ओळीत येतं. बीजाणू उगवायला उजेड, ऊब आणि पोषण लागतं. भरलेल्या तळ्यात तीन मीटर खाली उजेड कमी पोचतो, आणि थंडीत तिथे ऊबही नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी उपसलं की कडेचा उतार उथळ होतो, तिथल्या गाळावर ऊन पोचतं, पाणी कोमट होतं. बीजाणूंकडे नत्राची शिदोरी असते. फॉस्फरस त्यांना खालच्या गाळातूनच मिळतो. साखळ्या उगवतात, तरंगायला लागतात. होळीचा मुहूर्त हा असा साधला जातो. थंडीतल्या नितळ पाण्याचा अर्थ शेवाळ गेलं असा घेऊ नका. ते तेव्हा तळाशी असतं.

मोरचूद का पुरत नाही

एक, जाड भिंतीचा बीजाणू त्याला साध्या पेशीइतका सहज दाद देत नाही, आणि गाळात दडलेल्यापर्यंत तो पोचतही नाही. दोन, मारलेल्या पेशी फुटून आतला फॉस्फरस पाण्यात परत येतो, पुढच्या पिढीला तयार. तीन, आपलं पाणी जड आणि क्षारयुक्त. अशा पाण्यात तांबं लवकर संयुग होऊन खाली बसतं, म्हणून दर वेळी मात्रा वाढवली जाते. ते तांबं गाळात साठतं आणि गाळ शेवटी आपल्याच रानात जातो. चार, मासे आणि शैवाल खाणारे पाण्यातले बारीक किडे तांब्याने मरतात. पाच, हे सगळ्यात गंभीर: विषारी जात असेल तर पेशी फुटल्यावर विष एकदम पाण्यात उतरतं. थर आलेल्या तळ्यात मोरचूद टाकून दुसऱ्या दिवशी जनावरं पाजणं, यासारखा धोका नाही.

मग करायचं काय

सगळ्यात मोठं काम मे महिन्यातलं. तळं रिकामं होईल तेव्हा गाळ काढा, आणि कडेच्या उतारावरचा पातळ थर विसरू नका. मधला खड्डा साफ करून उतार तसाच सोडणारे पुष्कळ. उगवण मात्र उतारावरूनच होते. पन्नी असेल तर फावडं, जेसीबी नको. रबरी वायपर, प्लॅस्टिकची घमेली आणि अनवाणी माणसं. काढलेला गाळ बांधावर टाकलात तर जूनमध्ये तोच परत आत येईल. तो उताराच्या खालच्या अंगाच्या कोरडवाहू रानात पसरवा. तिथे तो सोन्यासारखा आहे, त्यातलं निळं-हिरवं शैवालही तिथे जमिनीचं भलंच करतं. मात्र वर्षानुवर्षं मोरचूद टाकलेल्या तळ्याचा गाळ असेल तर आधी तांब्याची तपासणी करून घ्या.

जूनच्या आत इनलेटच्या तोंडाशी गाळ बसायला खड्डा करा, त्याच्या अलीकडे गवताचा पट्टा राखा, आणि पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी तळ्यात न घेता वळवून द्या. हे ऐकताना जिवावर येतं, मला माहीत आहे. मराठवाड्यात पडणारा थेंब सोडून द्या म्हणणं सोपं नाही, आणि पावसाची ओढ असेल त्या वर्षी मी हा आग्रह धरणार नाही. पण भरवशाचा पाऊस असेल तर पहिला गढूळ लोंढा सोडाच. खताची टाकी तळ्यापासून लांब हलवा, एनआरव्ही बसवा. त्याचा खर्च फिल्टरच्या एका चकत्यांच्या संचापेक्षा जास्त नसतो.

एक सावधगिरी. फॉस्फरस एकदम तोडला की आधीच असलेली ॲनाबीना जास्त बीजाणू करायच्या मार्गाला लागते. म्हणून पहिल्या वर्षी पाणी सुधारलेलं दिसलं तरी त्या मेमधला गाळ काढायला चुकू नका. सलग दोन वर्षं काढावा लागतो, मगच फरक कळतो.

चालू हंगाम निभावून न्यायचा असेल तर सक्शन पृष्ठभागावरून आणि तळावरून, दोन्हीकडून हलवा. प्लॅस्टिकच्या ड्रमला दोरीने बांधून फूटव्हॉल्व्ह पाण्याखाली मीटरभर लटकता ठेवा. वरचा थरही येत नाही, गाळही नाही. शेवाळाच्या पाण्याला नुसता जाळीचा फिल्टर पुरत नाही, आधी सँड फिल्टर हवाच. त्याचा बॅकवॉश (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतल्याचं पाणी) रानात सोडा, तळ्यात नको. वारा जिकडे वाहतो त्या कोपऱ्यात जमलेला थर सकाळी वारा पडलेला असताना बादलीने उचलून काढा, त्यातून फॉस्फरसच बाहेर जातो. तळ्यावर शेडनेट घालणं परवडत असेल तर उजेड आणि बाष्पीभवन दोन्ही कमी होतात.

तुरटी पाण्यातलं फॉस्फेट बांधून खाली बसवते. पण पाण्याचा सामू (pH) 9 च्या वर गेला की तिचं काम बिघडतं, आणि हिरव्या तळ्यात दुपारी तो तसा जातो. म्हणून वापरायचीच तर पाणी निवळलेलं असताना, सकाळी, आणि आधी बादलीत मात्रा ठरवून.

युरियाबद्दल हमखास विचारतात: नत्र कमी म्हणून ॲनाबीना माजते, मग युरिया टाकून प्रमाण बरोबर केलं तर? कागदावर तर्क बिनचूक. प्रत्यक्षात हेटेरोसिस्ट कमी होतील, पण फॉस्फरस तिथेच असल्यामुळे मायक्रोसिस्टिस येईल, आणि सामू चढलेल्या पाण्यात युरियातून सुटलेला अमोनिया मासे मारेल. टाकू नका. बोअरचं पाणी भरणाऱ्यांच्या तळ्यात मायक्रोसिस्टिस दिसली तर आधी बोअरचं नायट्रेट तपासा, कारण त्या पाण्यात नत्र आयतंच असतं.

जनावरं आणि माणसं

थर दिसत असेपर्यंत गुरं, शेरडं, कुत्री तळ्यापासून लांब ठेवा. वाऱ्याने थर जिथे साचतो तिथेच जनावर तोंड घालतं. असं पाणी पिऊन जनावरं दगावल्याची पहिली शास्त्रीय नोंद 1878 ची, ऑस्ट्रेलियातल्या लेक ॲलेक्झांड्रिनाची. या शैवालांच्या विषांपैकी मायक्रोसिस्टिन यकृतावर जातं, ॲनाटॉक्सिन मज्जातंतूंवर. पाणी उकळून हे विष जात नाही, उलट पेशी फुटतात. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मायक्रोसिस्टिन-एलआर या त्याच्या प्रकाराला लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम इतकी बारीक आहे. जनावर लडखडलं, लाळ गाळू लागलं, अंग थरथरलं तर घरगुती उपाय न करता पशुवैद्यकाला बोलवा आणि पाण्याची बाटली दाखवा.

गाळात अजून किती दम आहे, हे तपासायची रीत

गाळ काढल्यावर, आणि पुढे दरवर्षी जानेवारीत, ही चाचणी करा. कडेच्या उतारावरचा चमचाभर गाळ तीन पारदर्शक बाटल्यांत घाला, वर उकळून गार केलेलं लिटरभर पाणी. पहिलीत काही नाही. दुसरीत सिंगल सुपर फॉस्फेटचा एक दाणा. तिसरीत तो दाणा आणि युरियाचा एक दाणा. झाकणं सैल ठेवून खिडकीत, थेट ऊन लागणार नाही अशा उजेडात, दोन-तीन आठवडे ठेवा. दुसऱ्या बाटलीत निळसर हिरवा, बुळबुळीत थर धरला तर नत्र बांधणाऱ्या जातींचे बीजाणू गाळात शिल्लक आहेत. यंदाही गाळ काढा. पहिली बाटलीही हिरवी झाली तर गाळातच पुरेसा फॉस्फरस आहे, बाहेरचं खत कितीही रोखलं तरी या उन्हाळ्यात तळं हिरवं पडणार. सक्शन आणि सँड फिल्टरची तयारी फेब्रुवारीतच करून ठेवा. फक्त तिसरीच हिरवी झाली तर ती नत्र न बांधणारी शैवालं. बहुधा साधी, पण मायक्रोसिस्टिसही असू शकते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय निर्धास्त होऊ नका. तिन्ही बाटल्यांवर तारीख आणि तळ्याची कोणती बाजू ते लिहा, आणि ओतून देण्याआधी एकेक थेंब कॉलेजात दाखवून घ्या.